चुकली तर मांजर तुमची

४ जानेवारी

ताई,

नमस्कार, आशीर्वाद, खुशाली यातलं काहीही या पत्रात नाही. उगाच शोधू नकोस.

हे पत्र मी आज टाकणार नाही. लिहून शिलाई मशीनच्या खणात ठेवणार आहे. काम फत्ते झालं की सगळी पत्रं तुला एकदम मिळतील. मग मी कधी काय करत होते आणि तू तेव्हा कुठे टाळ्या घेत होतीस, ते निवांत जुळवून बघ.

आज तुझं काम माझ्या टेबलावर आलं. नाट्यगृहांचे पडदे शिवणारं एक मोठं शिवणघर आहे, तिथे मी लागले आहे. मी पडदे शिवते एवढंच तुला माहीत, कुठे ते तू कधी विचारलं नाहीस. मालकांनी कागद पुढे सरकवला. मखमली उशा चार, तांबडी, निळी, पिवळी आणि हिरवी, आधीच्याच मापाच्या. कोणासाठी, तर रंग ओळखणाऱ्या मांजरीच्या खेळासाठी. मालक म्हणाले, "हे तुम्हीच करा, तुम्हाला मांजरांचं वेड आहे ना?" मी म्हटलं, "आहे थोडंफार." माझ्या हातातलं रीळ खाली पडून पार दारापर्यंत गडगडत गेलं, एवढंच काय ते झालं.

म्हणजे मी शिवलेल्या उशा अखेर विरल्या. तू त्यांच्यावर पाणी मारून ब्रश फिरवत असशील, तुला कुठलीच वस्तू धड वापरता येत नाही.

आठवण करून देते, कारण तू सोयीने विसरतेस. मी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. तू संत्री घेऊन आलीस, माझ्या कपाळावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "घराची किल्ली दे, भुरीला दूध घालत जाईन." मला इतकं भरून आलं की मी तुझा हात धरून रडले. आणि किल्ली दिली. घरी परतले तर भुरीची वाटी धुऊन पालथी घातलेली, तिची टोपली नाही आणि टेबलावर तुझी चिठ्ठी. 'तुला आता आराम हवा. भुरी माझ्याकडे मजेत आहे.'

वाटी धुऊन ठेवलीस, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

खेळ तू एकटीच्या नावावर करून घेतलास, तो मी एक वेळ गिळला असता. लहानपणापासून गिळतच आले आहे. पण भुरी गटाराच्या जाळीत अडकलेली मला सापडली होती, डोळेसुद्धा उघडले नव्हते तिचे. बोट दुधात बुडवून मी तिला वाढवली. तिला घ्यायला मी तुझ्या दारात आले, तेव्हा तू दाराची साखळीही काढली नाहीस. फटीतून म्हणालीस, "मांजर काय वस्तू आहे परत द्यायला?" मांजरीच्या मालकीचा कागद कोणाकडेच नसतो, त्यामुळे तक्रार तरी कुठे करणार होते? आणि वर पेपरातली ती मुलाखत. 'माझ्या धाकट्या बहिणीला जनावरांची जरा भीतीच वाटते. ती आपली पडदे शिवते.'

शिवते ना. उशापण शिवते.

धाकटी


९ जानेवारी

ताई,

तीन वर्षं आपण मिळून खेळ केला, तरी तुझ्या डोक्यात एक साधी गोष्ट शिरली नाही. भुरीला तांबडा रंग दिसत नाही.

मी तुला हे सांगितलं होतं. ती लहान असताना मी तिच्यासाठी तांबड्या लोकरीचा गुंडा केला होता. हिरव्या चटईवर तो हलत असला की ती झडप घालायची. थांबला की त्याला ओलांडून निघून जायची, जणू तिथे काही नाहीच. मला वाटलं हिची नजर अधू आहे. तिला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते हसायला लागले. म्हणाले, "नजर ठणठणीत आहे. मांजराला निळा दिसतो, पिवळा दिसतो. तांबडा म्हणजे तिच्या लेखी काहीतरी काळपट, मातकट. हिरव्याचंही फारसं बरं नाही. कुत्र्याचं साधारण असंच."

मग मी त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. बैल तांबड्या फडक्यावर का धावून जातो? तर म्हणे रंगावर नाही, फडकवण्यावर चिडतो, पांढरं फडकवलंत तरी येईल. मधमाशीला तांबडा दिसत नाही, पण आपल्याला एकाच रंगाचं वाटणारं फूल तिला खुणा केलेलं दिसतं, मध कुठे आहे ते दाखवणारं. आणि कोंबडीला आपल्याहून जास्त रंग दिसतात. मी विचारलं, "एवढे रंग घेऊन ती करते काय?" डॉक्टर म्हणाले, "उकिरडा फुंकते." त्या दिवशी मी घरी येईपर्यंत हसत होते.

तुला हे सगळं सांगितलं तेव्हा तू नखं रंगवत बसली होतीस. वर न बघता म्हणालीस, "तुझे डॉक्टर खुळे आहेत. रोज बरोबर तांबड्या उशीवर जाऊन बसते ती."

बसत होती, कारण त्या उशा मी शिवल्या होत्या. तांबडी मी मुद्दाम गडद घेतली, जवळजवळ काळ्याकडे झुकणारी. हिरवी घेतली अगदी फिकी, कोवळ्या पानासारखी. 'तांबडी' हा शब्द ऐकला की सगळ्यात काळपट उशी शोधायची, एवढंच मी तिला शिकवलं होतं. शब्द तिला कळतात, उजेड-अंधार कळतो, निळा-पिवळा खरोखरच दिसतो. प्रेक्षकांनी उशांची कितीही अदलाबदल केली तरी ती चुकत नव्हती. माझ्या लेखी यात कुठे फसवणूक नव्हती. तिच्या डोळ्यांना जे दिसतं त्यावर मी खेळ बसवला होता. तू मात्र लोकांना सांगत सुटलीस की या मांजरीला देवाने माणसाचे डोळे दिले आहेत.

एकदा तरी तिच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला असतास तर आज वाचली असतीस.

धाकटी


२१ जानेवारी

ताई,

आता मजा ऐक.

खेळात तू समोरच्या रांगेतून कोणाला तरी वर बोलावतेस, रंग सांगायला लावतेस आणि दोन्ही हात पसरून म्हणतेस, "चुकली तर मांजर तुमची!" लोक वेडे होतात. नाट्यगृहाच्या मॅनेजरने ते आता तिकिटावरही छापून घेतलं आहे. हे वाक्य कोणाचं, आठवतं का? शाळेच्या हॉलमधल्या आपल्या पहिल्या खेळात एक आजोबा म्हणाले, मांजर चुकली तर काय देणार? मी पडद्यामागून ओरडले, मांजरच देऊ. तू ते उचललंस. तुझी उचलण्याची सवय जुनीच आहे.

तर यावेळी ती चुकणार आहे. आणि मांजर माझी होणार आहे, भरल्या हॉलमध्ये, तुझ्याच तोंडाने.

आमच्या शिवणघरात एक बोका आहे, कापडाच्या ढिगाऱ्यावर बसून सगळ्यांवर नजर ठेवतो, म्हणून त्याला फौजदार म्हणतात. दुपारच्या सुट्टीत मी त्याची शिकवणी घेतली. दोन कापडं पसरायची, काळपट कापडावर गेला तर माशाचा तुकडा. फौजदार लाचखाऊ आहे, लगेच शिकला. मग मी तांबडं कापड जरा उजळ रंगवलं आणि हिरवं जरा गडद. तो तरीही बरोबर तांबड्यावर गेला. पुन्हा रंगवलं, तांबडं आणखी उजळ, हिरवं आणखी गडद. माझे हात कोपरापर्यंत रंगले. मालक म्हणाले, चार उशांसाठी एवढा जीव काढताय? मी म्हटलं, गिऱ्हाईक खास आहे.

काल फौजदार दोन्ही कापडांच्या मधोमध येऊन थांबला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खाली बसला आणि अंग चाटायला लागला. त्याला दोन्ही सारखीच दिसत होती. मी त्याला मासा अख्खा दिला.

माणसाच्या डोळ्यांना त्या दोन रंगांत कसलंही साम्य नाही, ताई. एक टोमॅटोसारखा, दुसरा जुन्या बाटलीसारखा. शेंबडं पोरही सांगेल कुठला कोणता ते. तुला तर कळणारच नाही की काही बदललं आहे. उशा मी खेळाच्याच दिवशी सकाळी पोचवणार, मखमल उशिरा आली असं सांगून, म्हणजे सरावाचा प्रश्न नको. तसा तुला सरावाचा कंटाळाच आहे.

मी स्वतः येणार नाही, तू लांबूनच ओळखशील. आमच्याकडे इस्त्री करणारी मावशी आहे, डोकं पांढरंशुभ्र, चेहरा साधाभोळा. तू वर बोलवायला नेहमी अशीच म्हातारी शोधतेस, लोकांना बरं वाटतं म्हणून. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सख्ख्या बहिणीशी असं वागायचं गं?" मी तिला किल्लीची गोष्ट सांगितली. इस्त्री बाजूला ठेवून ती म्हणाली, "तिकीट पुढचं काढ. मला लांबचं दिसत नाही."

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

झालं.

उशा पाहून तू निरोप धाडलास, 'फारच सुरेख झाल्यात, शिवणाऱ्या बाईंना मुद्दाम सांगा.' मालकांनी सांगितलं हो मला. सगळ्या शिवणघरासमोर सांगितलं. मी मान खाली घालून हसले. सगळ्यांना वाटलं मी लाजले.

पुढचं मावशीकडून ऐकलं. तू हॉलभर नजर फिरवलीस आणि तिलाच बोलावलंस. "आजी, घाबरू नका," म्हणालीस. मावशी म्हणते, "मी कशाला घाबरू, मी पैज जिंकायला गेले होते." तिच्याआधी एका मुलीने निळा सांगितला होता, भुरी निळ्यावर गेली. टाळ्या. मग पिवळा. टाळ्या. मग तू ते वाक्य म्हणालीस आणि मावशी म्हणाली, "तांबडी."

भुरी निघाली आणि मधेच थांबली. तू पुन्हा म्हणालीस, तांबडी. ती तांबड्या आणि हिरव्या उशीच्या मधोमध बसली आणि पंजा चाटायला लागली. लोकांना आधी गंमत वाटली. तू तिसऱ्यांदा म्हणालीस, तेव्हा तुझा आवाज चिरकला. मग भुरी उठून हिरव्या उशीवर जाऊन बसली. कोणीतरी मागून ओरडलं, "मांजर द्या!" आणि सगळा हॉल तेच ओरडायला लागला. मॅनेजर विंगेतून हातवारे करत होता, हसण्यावारी न्या, हसण्यावारी न्या. तू नेलं नाहीस. मला माहीत होतं तू नेणार नाहीस. तू लबाड आहेस, पण चारचौघांत दिलेला शब्द मोडणारी नाहीस. तो तुझा अहंकार मी लहानपणापासून ओळखून आहे आणि त्याच्यावरच मी सगळा डाव बसवला होता.

तू भुरीला उचललंस आणि मावशीच्या हातात दिलंस. मावशीच्या कानाशी काहीतरी बोललीस म्हणे. काय ते मी विचारलं नाही, मला गरज वाटली नाही. तुला ती सोडवत नव्हती, असं मावशी म्हणाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला ऑपरेशननंतर टाके काढले तेव्हाही वाटलं नव्हतं.

पेपरात दोन ओळी आल्या आहेत, कात्रण सोबत ठेवते. मॅनेजरने पुढचे खेळ काढून घेतले, हेही कळलं. मांजरच नाही तर खेळ कसला? आता तू काय शिवणार?

भुरी माझ्याकडे आहे. हे लिहिताना माझ्या पायाशी झोपली आहे. मजेत आहे.

ही सगळी पत्रं आज टाकते. सावकाश वाच.

धाकटी


१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट आलं. मी ते फोडायच्या आधी चहा करून घेतला, म्हटलं बसून चवीने वाचू. चार शिव्या असतील, कोर्टाची धमकी असेल, निदान 'तू असं करशील असं वाटलं नव्हतं' एवढं तरी असेल. मी तुझ्यासाठी रात्रंदिवस खपले होते, माझा तेवढा हक्क होता.

आणि त्यात काय, तर भुरीच्या कानाचं औषध आणि एक चिठ्ठी. डावा कान पुन्हा सुजला असेल, थेंब कोमट करून टाक, गार टाकलेस तर पळेल. म्हातारी झाली आहे, मासा काटे काढून दे. खाली नाव नाही, सही नाही. उशांबद्दल एक अक्षर नाही. माझी सगळी पत्रं वाचलीस की तशीच ठेवलीस?

कान सुजलेला आहे. मला दिसलं नव्हतं, कारण ती मला हात लावू देत नाही.

मागच्या पत्रात ती पायाशी झोपली आहे असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. ती पलंगाखाली होती. आल्यापासून तिथेच होती. भूक लागली की बाहेर येते, खाते आणि पुन्हा आत. मी पालथी पडून तिला हाका मारते. नाव ऐकल्यावर कान हलवते, म्हणजे ओळख आहे. पण येत नाही.

थेंब टाकले. कोमट करून. हातावर ओरखडा आला आहे, तो पेपरवाल्यांना कळव, तुझी मुलाखत खरी ठरेल.

तुला काय वाटलं, अशी चांगुलपणाने वागलीस की मी विरघळेन? मी विरघळले नाही. आधीपेक्षा जास्त चिडले आहे.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

तू दुपारी समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहतेस, बेकरीच्या बाजूला. मला दिसतेस. लपायचंच असेल तर नीट लप.

दोन गोष्टी मी पत्रात खोट्या लिहिल्या. आता लिहिते, कारण त्या डोक्यात ठेवून झोप येत नाही. पहिली ही की भुरी हिरव्या उशीवर गेलीच नाही. ती तांबड्या-हिरव्याच्या मधे बसून राहिली, अंग चाटलं, लोक हसले, आणि मग ती उठून तुझ्याकडे आली. तुझ्या पायांवर अंग टाकून बसली. तू तिथेच होतीस, तुला माहीतच आहे. हिरवी उशी मी पत्रात माझ्या समाधानासाठी घातली होती. मावशी सांगताना मी तिला म्हटलं होतं, एवढं मला सांगू नका. दुसरी गोष्ट, तू मावशीच्या कानाशी काय बोललीस ते मी विचारलं होतं. लगेच विचारलं होतं. 'हिला एकटीला झोप येत नाही, कोणाला तरी टेकूनच झोपते.' मी भुरीला तसं शिकवलं नव्हतं. माझ्याकडे ती टोपलीत झोपायची.

आता ती पलंगाखालून बाहेर आली आहे. खिडकीत बसते. मला वाटलं, सवय होते आहे, आता येईल मांडीवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मांजराला लांबचं सगळं धूसर दिसतं, रंग तर आणखीच पुसट, हालचाल मात्र चटकन कळते. म्हणून मी निर्धास्त होते, म्हटलं रस्त्यापलीकडची बाई तिला काय दिसणार? काल तू पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलीस. तेवढ्यानेच ती उठून उभी राहिली. दोन्ही पंजे काचेवर ठेवले आणि एक आवाज काढला, बारीक, तुटका. पिल्लू असताना मी कामावरून आले की ती तो आवाज काढायची. मी तो तिच्या तोंडून पुन्हा ऐकला, आणि तो तुझ्यासाठी होता.

रात्री मी रंगमंचाच्या पडद्याचं कापड आणलं. जाडजूड, उजेडही आत येऊ देत नाही असलं. सकाळी खिडकीला लावलं आणि खालून खिळे ठोकून चौकटीला पक्कं केलं. भुरी आता पडद्याकडे तोंड करून बसते. खायला घातलं की खाते, थेंब टाकू देते, आणि पुन्हा जाऊन पडद्यासमोर बसते.

मावशी म्हणते, नेऊन दे गं, जीव आहे तो. मी मावशीला सांगितलं, तुम्ही इस्त्री करा.

तू रोज येऊन उभी राहा, हवं तर पावसात उभी राहा, मी पडदा काढणार नाही. दार उघडलं तर ती कुठे जाईल हे मला कळत नाही असं समजू नकोस, मला पुरतं कळतं. म्हणूनच दार बंद आहे. भुरी माझी आहे, ताई. तिला पटो न पटो.

धाकटी